शुगर तपासायच्या वापरलेल्या सुया आणि पट्ट्या तुम्ही कुठे टाकता?

केळफूल
आईचं इन्सुलिन सुरू झाल्यापासून घरात एक नवाच कचरा तयार व्हायला लागलाय. सकाळी उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी, रात्री झोपताना ग्लुकोमीटरवर शुगर बघायची. दर वेळी एक लॅन्सेट (बोटाला टोचायची छोटी सुई), एक पट्टी, कापसाचा एक बोळा. शिवाय इन्सुलिन पेनच्या सुया वेगळ्या. दिवसाला सहा-सात टोकदार वस्तू धरल्या तरी महिन्याला दोनशेच्या घरात जातात.

ओला-सुका आम्ही नीट वेगळा करतो. पण या सुयांचं काय करायचं हे ना डॉक्टरांनी सांगितलं, ना औषधाच्या दुकानात कुणाला माहीत. मीटरच्या खोक्यातल्या घडीच्या कागदावर ‘स्थानिक नियमांनुसार विल्हेवाट लावावी’ एवढं एक वाक्य आहे. सध्या सगळं फरशी पुसायच्या लिक्विडच्या रिकाम्या बाटलीत साठवतेय. बाटली भरत आली. पुढे काय? आम्ही पुण्यात, कोथरूडला. इतर गावच्या लोकांनीही लिहा.

उनाडराव
आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळतो, वर रबरबँड, आणि सुक्या कचऱ्यात. लॅन्सेटचं टोक असतं केवढं, त्याने कोणाला काय होणार? आणि आमच्या बाबांना शुगर सोडली तर दुसरा काही आजार नाही. उगाच बाऊ करू नये असं माझं मत.

मेथीचे_दाणे
आमच्याकडे पण हेच. वाचतेय.

पाणपोई
उनाडराव, सुका कचरा तुमच्या दारातून गेल्यावर पुढे काय होतं ते एकदा जाऊन बघा. मी पुण्यात कचरावेचकांच्या कामाशी जोडलेली आहे, म्हणून हे जवळून बघते. सुका कचरा यंत्र निवडत नाही. बायका खाली बसून हाताने निवडतात. कागद एकीकडे, पुठ्ठा एकीकडे, दुधाच्या पिशव्या, कडक प्लास्टिक, काच, पत्रा. तुमचा वर्तमानपत्राचा पुडा दिसला की तो उलगडला जाणार, कारण रद्दीला भाव आहे. हातमोजे असतात, पण रबरी मोजा सुईला अडवत नाही, आणि उन्हाळ्यात दिवसभर ते घालून बसणं कसं असतं ते घालून बघितल्याशिवाय कळायचं नाही.

तुमच्या बाबांना दुसरा आजार नाही, मान्य. पण जिच्या बोटात सुई गेली तिला ती तुमच्या बाबांची आहे हे कुठून कळणार? तिच्या दृष्टीने ती कुणाचीही असू शकते. मग सरकारी दवाखान्याची रांग, रक्ताच्या तपासण्या, बुडालेला रोज, आणि रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणाला न सांगता मनात ठेवलेली धास्ती.

केळफूल, बाटलीत साठवताय हे उत्तम. पण एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जाड, चांगल्या प्लास्टिकची बाटली ही भंगारात भाव येणारी वस्तू आहे. ती नुसती सुक्या कचऱ्यात टाकलीत तर वेचणारी ताई ती आधी उचलणार आणि आत काय खुळखुळतंय म्हणून झाकण उघडून रिकामी करणार. म्हणजे तुम्ही महिनाभर सांभाळलेल्या दोनशे सुया एका झटक्यात तिच्या मांडीवर. त्यामुळे बाटली पिशवीत मिसळायची नाही, हातात द्यायची आणि तोंडाने सांगायचं, ‘यात सुया आहेत, उघडू नका.’ वर मार्करने सुईचं चित्र काढा. नुसती अक्षरं सगळ्यांनाच वाचता येतात असं नाही.

उनाडराव
चित्राचं पटलं. कागदाच्या पुड्याचं पण पटलं.

स्टेथोस्कोप
मी फिजिशियन, सांगलीकडे प्रॅक्टिस. ‘काय होणार’ याचं उत्तर आकड्यांत देतो, म्हणजे घाबरायलाही नको आणि हसण्यावारी न्यायलाही नको.

हे आकडे दवाखान्यात काम करणाऱ्यांना सुई टोचल्याच्या अभ्यासांतून आलेले आहेत. ज्याच्या रक्तात विषाणू आहे अशा माणसाची सुई टोचली तर एचआयव्हीची शक्यता साधारण ०.३ टक्के, हेपटायटिस सीची (यकृताचा संसर्ग) दोन टक्क्यांच्या आत. हेपटायटिस बी मात्र लस न घेतलेल्या माणसाला ६ ते ३० टक्क्यांपर्यंत होऊ शकतो. बीचा विषाणू सुकलेल्या रक्तात, शरीराबाहेर सात दिवस तरी जिवंत राहतो. लॅन्सेट भरीव असते, इंजेक्शनच्या सुईसारखी आतून पोकळ नसते, त्यामुळे तिच्यात रक्त कमी राहतं आणि धोकाही कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे. आपल्याकडे अनेकांना बी किंवा सी आहे हे त्यांना स्वतःलाही माहीत नसतं, तेव्हा ‘आमच्या बाबांना काही नाही’ हे तपासणी केल्याशिवाय कुणीच म्हणू नये.

कुणाला टोचलीच तर जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची. पिळायची नाही, बोट तोंडात घालायचं नाही, वर ब्लीच किंवा स्पिरिट ओतायचं नाही. मग सरळ सरकारी रुग्णालय गाठायचं. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा असतो. घरकामाच्या मावशींना टोचली तर ‘हळद लावा’ म्हणून घरी पाठवू नका, सोबत जा.

धाग्याच्या विषयाला जोडूनच एक. नवरा-बायको दोघांना शुगर असेल तर बोटाला टोचायचं पेन (ज्यात लॅन्सेट बसवतात ते) दोघांचं वेगळं हवं. ‘सुई बदलतो ना’ हे पुरेसं नाही, पेनच्या तोंडाला रक्त लागलेलं असतं. अमेरिकेत वृद्धाश्रमांमध्ये अशा सामायिक पेनांतून हेपटायटिस बीच्या साथी पसरल्याची नोंद आहे.

आबासाहेब_कोल्हापूर
रोज सकाळी कारल्याचा रस आणि मेथ्या भिजवून घ्या. सुयाच लागणार नाहीत, कचऱ्याचा प्रश्नच मिटला.

मेथीचे_दाणे
आबा, माझं नाव बघून लिहिलंत का? :)

स्टेथोस्कोप
आबासाहेब, रस जरूर घ्या, पण इन्सुलिनवरच्या माणसाने रसाच्या भरवशावर तपासणी सोडली तर तो माझ्याकडे चालत न येता स्ट्रेचरवरून येतो. कारल्यासाठी वेगळा धागा काढा.

केळफूल
डॉक्टर, पाणपोई, दोघांचेही खूप आभार. आता माझे प्रश्न.
एक, सुईला टोपण परत लावायचं की नाही? दवाखान्यात ‘लावू नका’ म्हणतात, घरी तसंच उघडं टाकायला भीती वाटते.
दोन, पट्ट्या आणि कापूस पण बाटलीतच का?
तीन, रक्त तपासायला जातो त्या लॅबमध्ये बाटली घ्याल का विचारलं, तर ‘घरचा कचरा घेत नाही’ म्हणून तोंडावर नकार दिला. त्यांच्या काउंटरमागे सुयांचा पांढरा डबा मला दिसत होता!

स्टेथोस्कोप
१) दवाखान्यात नको म्हणतात कारण तिथे सुई दुसऱ्याची असते आणि टोपण लावतानाच जास्त टोचतं. घरी सगळ्यात सोपं म्हणजे बाटली टोचायच्या जागीच ठेवायची आणि सुई थेट तिच्यात टाकायची. इन्सुलिन पेनची सुई मात्र हाताने न काढता तिच्या मोठ्या बाहेरच्या टोपणाने काढावी लागते. टोपण टेबलावर उभं ठेवा, पेन वरून एका हाताने त्यात घाला, दाबा, आटे फिरवून काढा. दुसरं बोट टोपणाजवळ आणायचंच नाही. लॅन्सेटची जी गोल चकती पिळून तोडता ती फेकू नका, बऱ्याच लॅन्सेटचं टोक वापरानंतर त्याच चकतीत रोवता येतं.

२) पट्टीला टोक नाही, आणि तिच्यावर रक्त अर्धा मायक्रोलिटर म्हणजे थेंबाचाही अंश. पट्ट्या आणि कापूस कागदात गुंडाळून सॅनिटरी कचऱ्यासोबत द्या. पट्टी प्लास्टिकची दिसली तरी तिच्यावर एन्झाइम आणि धातूचा पातळ थर असतो, पुनर्वापराला ती निरुपयोगी. सुक्यात टाकू नका. बाटलीत टाकल्या तर बाटली विनाकारण लवकर भरते.

३) लॅबची बाजूही सांगतो. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनंतर आमच्या प्रत्येक पिशवीवर आणि डब्यावर बारकोड असतो, वजन नोंदलं जातं, आणि नेणाऱ्याला पैसे आम्ही देतो. बाहेरचा माल त्यात घालायला लोक कचरतात. पण नियमित पेशंटच्या महिन्याच्या एका बाटलीने कुणाचं काही बिघडत नाही. मी माझ्या पेशंटना सांगतो, फॉलोअपला येताना बाटली घेऊन या. तुमच्या डायबेटिसच्या डॉक्टरांना थेट विचारा, रिसेप्शनला नको. रिसेप्शनचं उत्तर नेहमी ‘नाही’ असतं.

कलम_दवात
नियमांचा विषय निघालाच आहे तर. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत ‘घरगुती घातक कचरा’ अशी व्याख्या होती आणि तिच्यात ट्यूबलाइट, जुन्या बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधं यांच्याबरोबर वापरलेल्या सुया आणि सिरिंज हे शब्द स्पष्ट लिहिले होते. हा कचरा ओल्या-सुक्यापासून वेगळा ठेवणं ही आपली जबाबदारी. आणि दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र उघडून त्याच्या वेळा जाहीर करणं ही त्या नियमांत स्थानिक स्वराज्य संस्थेची होती. आपल्या भागातलं केंद्र कुठे आहे हे नगरसेवकाला विचारून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो.

गंमत बाजूला ठेवून सांगतो, वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज करा आणि त्यात ‘घरगुती घातक कचरा’ असं लिहा. ‘सुया कुठे टाकू’ असं विचारलंत तर ते तुम्हाला आरोग्य खात्याकडे पाठवतील, आरोग्य खातं परत घनकचऱ्याकडे.

लोकल_९_वीस
मुंबईत महापालिकेने २०२५मध्ये सॅनिटरी आणि विशेष काळजीच्या कचऱ्यासाठी वेगळी सेवा सुरू केली. सोसायटीने नोंदणी करायची, मग पिवळ्या पिशवीतला कचरा वेगळा उचलतात. नॅपकिन, डायपर, बँडेज, सुया, जुनी औषधं सगळं त्यात. आमच्या कमिटीत नोंदणी करायची की नाही यावर दोन मीटिंगा झाल्या. सेक्रेटरी म्हणे, ‘आपल्याकडे कोणाला शुगर आहे?’ अहो, तुम्हालाच आहे!

सराफ्यातली_खाऊगल्ली
इंदूरहून नमस्कार. आमच्याकडे कचऱ्याच्या गाडीलाच सहा कप्पे असतात. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक, ई-कचरा. सुयांची बाटली वेगळी द्यायची. एवढं असूनही आमच्या शेजारच्या काकूंना ती गाडीवाल्याच्या हातात द्यायला लाज वाटते. ‘लोकांना कळेल ना इन्सुलिन घेते ते!’ म्हणून त्या बाटली काळ्या पिशवीत बांधून सॅनिटरीच्या कप्प्यात टाकतात. हा भाग कोणी बोलत नाही, पण माझ्या मते अर्ध्याहून जास्त सुया सुक्या कचऱ्यात जातात त्या या लाजेपायी.

मांडवीकाठ
लाज कसली त्यात? २०२३च्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आमचा गोवा पहिल्या नंबरवर, २६.४ टक्के. आमच्याकडे चारातल्या एकाला शुगर. लाजायचं तर सगळ्यांनी मिळून लाजावं लागेल.

धुक्यातला_चहा
इंग्लंडात पिवळ्या रंगाचा सुयांचा डबा डॉक्टर औषधांबरोबरच चिठ्ठीवर लिहून देतात. भरला की झाकण कायमचं बंद होतं, पुन्हा उघडत नाही. मग तो कौन्सिल (तिथली पालिका) घरून नेते किंवा काही ठिकाणी दवाखान्यात, फार्मसीत परत घेतात. हे गावागावांत वेगळं, त्यामुळे इथेही फोनाफोनी चुकत नाही. मी सहा लॅन्सेटचा बंद ड्रम येतो ते टोचायचं पेन वापरतो. वापरलेली सुई त्या ड्रममध्येच राहते, उघडी हाताळावी लागत नाही. जरा महाग पडतं.

सेक्वोयाच्या_सावलीत
कॅलिफोर्नियात १ सप्टेंबर २००८पासून घरच्या सुया कचऱ्यात किंवा रिसायकलिंगमध्ये टाकणं बेकायदा आहे. मान्य केलेल्या डब्यात भरून केंद्रावर न्यायच्या किंवा पोस्टाने पाठवायच्या. पण हे राज्याराज्यावर आहे. बऱ्याच राज्यांत डिटर्जंटच्या जाड बाटलीत भरून, झाकणाला टेप मारून घरच्या कचऱ्यात टाकलेली चालते. तिथे ते ठीक आहे कारण तो कचरा सहसा कोणी हाताने उपसत नाही. आपल्याकडे यूट्यूबवरचे तेच व्हिडिओ बघून लोक बाटली सुक्या कचऱ्यात टाकतात. पाणपोई यांनी लिहिलंय ते वाचल्यावर कळलं की गोची नेमकी कुठे आहे.

पायवाट
आमच्या गावी ना घंटागाडी ना केंद्र. भाऊ सुया चुलीत टाकायचा. प्लास्टिक जळतं, सुई राखेत तशीच राहते, आणि राख जाते शेणखताच्या उकिरड्यावर. तिथून शेतात. अनवाणी माणसं आमची! पुरूनही उपयोग नाही, नांगरटीत वर येतात.

शेवटी गावच्या नर्सबाईंना विचारलं. लसीकरणाच्या दिवशी त्यांच्याकडे सुई कापायचं हब कटर असतं आणि सगळा टोकदार कचरा त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात परत नेतात. त्या म्हणाल्या, बाटली भरली की लसीकरणाच्या दिवशी आणून द्या. आता आशाताईंनी गावातल्या बाकीच्या शुगरवाल्यांनाही सांगितलंय. खेड्यात राहणाऱ्यांनी हे करून बघा.

केळफूल
हे फार छान झालं. आपल्या दारात दर महिन्याला सरकारी यंत्रणा येतेच आहे, हे मला सुचलंच नसतं.
त्या पांढऱ्या डब्यातल्या सुयांचं पुढे काय होतं? नुसतं कुतूहल.

स्टेथोस्कोप
वाफेच्या दाबाने किंवा कोरड्या उष्णतेने निर्जंतुक करतात, मग तुकडे करतात किंवा सिमेंटमध्ये बंद करतात. निर्जंतुक केलेलं लोखंड फाउंड्रीत वितळवायलाही जाऊ शकतं. म्हणजे आईची सुई उद्या एखाद्या गटाराच्या झाकणात असू शकेल.

टाईप_वनची_आई
मुलगा नऊ वर्षांचा, टाईप वन (ज्यात इन्सुलिन घ्यावंच लागतं तो मधुमेह). आमच्या अनुभवातलं थोडं.

शाळेच्या दप्तरात मोठी बाटली देता येत नाही. पट्ट्यांची रिकामी डबी वापरतो, खटकन बंद होणारी. दिवसभराच्या लॅन्सेट त्यात, घरी आला की मोठ्या बाटलीत रिकामी. डबीवर लाल चिकटपट्टी गुंडाळलीय, नाहीतर नव्या पट्ट्यांची डबी समजून कोणीतरी बोट घालायचं. रिकामी करताना उपडी करायची, बोटाने कोरायचं नाही. गाडीच्या आणि प्रवासाच्या बॅगेतही हीच डबी.

शुगर मोजणारा, दंडावर चिकटवायचा सेन्सर वापरत असाल (आमचा १४ दिवसांचा), तर ज्या ठोकळ्याने तो बसवतो त्याच्या आत सुई असते. तो अख्खा ठोकळा सुयांच्या कचऱ्यात धरा. मोठा असल्यामुळे बाटलीत मावत नाही, आम्ही जुना प्रोटीन पावडरचा डबा ठेवलाय. सेन्सरच्या चकतीत मात्र न निघणारी बॅटरी असते. ती जाळायच्या कचऱ्यात जाऊ नये, भट्टीत फुटू शकते असं कंपनीच्याच पुस्तिकेत लिहिलंय. चकत्या पुसून वेगळ्या साठवते आणि ई-कचऱ्याच्या संकलनात देते. मीटरचे बटण सेलही तिथेच. ते सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर अन्ननलिका भाजायला दोन तास पुरतात.

पाणपोई
टाईप वनच्या आई, डबीची युक्ती मस्त. पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या बाटल्या कोणी वापरू नका. त्या दाबल्या की चेपतात आणि सुई आरपार येते. काचेची बरणी तर नकोच. बाटली पाऊण भरली की थांबायचं, गच्च भरली की शेवटची सुई कोंबताना आपल्यालाच टोचते.

केळफूल
आमच्या डॉक्टरांना थेट विचारलं. महिन्याला एक बाटली घेईन म्हणाले. शिवाय सोसायटीत अजून कितीतरी घरांत मीटर आहे असं ग्रुपवर विचारल्यावर कळलं, म्हणून सगळ्यांच्या बाटल्या महिन्यातून एकदा गोळा करून देता येतील का ते बोलून बघतेय. वॉचमनच्या केबिनमध्ये डबा ठेवा असं एक जण म्हणाला. ते मला पटत नाही.

पाणपोई
अजिबात नको. वॉचमनला कशाला त्यात ओढायचं? ज्याची बाटली त्याने आणून द्यायची.

मनीमाऊची_माय
धागा माणसांचा आहे माहितेय, पण विचारते. आमच्या बोक्याला मधुमेह आहे, दिवसातून दोनदा इन्सुलिनची सिरिंज. त्याच्या सुयांनाही हेच नियम का?

स्टेथोस्कोप
हो. कचरा निवडणाऱ्या हाताला सुई बोक्याची की माणसाची हे कळत नाही. तुमचं काम उलट सोपं आहे. जनावरांचे दवाखानेही जैववैद्यकीय कचऱ्याच्या त्याच नियमांत येतात, त्यांच्याकडेही सुयांचा डबा असायलाच हवा. पुढच्या वेळी बोक्याला नेताना बाटली सोबत न्या.

मनीमाऊची_माय
बोक्याला नेणं हेच अवघड काम आहे, बाटलीचं काही नाही. पण विचारते, धन्यवाद डॉक्टर.